पुस्तकात मेलेला दादा

पुरस्कार जाहीर व्हायला अजून अवकाश होता आणि लेखिकेचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. ग्रंथमहोत्सवाच्या या दालनातून त्या दालनात ती उगाच भटकत होती. वर्षातल्या सर्वोत्तम रहस्यकादंबरीसाठी निवडलेल्या मोजक्या पुस्तकांत तिचं पुस्तक होतं. प्रकाशकबाई तिला धरून खुर्चीत बसवत. त्यांची पाठ वळली की ही पुन्हा उठे.

धास्ती बक्षिसाची नव्हतीच. दादा येणार होता.

तिच्या कादंबरीत एका चष्मेवाल्याचा खून होतो. दुकानामागच्या नजर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला असताना. चष्मेवाला चिक्कू, किरकिरा, समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून पुसणारा. पुस्तक हाती पडताच सगळं घर एका सुरात म्हणालं, "अगं, हा तर आपला दादा, चष्म्याच्या दुकानासकट!" वहिनीने हिचे फोन घेणं सोडलं. दादाने मात्र चकार शब्द काढला नाही, आणि तेच तिला खात होतं.

सह्यांसाठी रांग लागली. कुणाला म्हणे खुनी आधीच कळला होता, कुणी पान उघडून चूक दाखवत होतं. ती मान डोलवत होती; लक्ष सगळं दाराकडे. एवढ्यात ओळखीच्या हाताने पुस्तक पुढे केलं.

"कर सही, ठमे."

"नाव काय घालू?" तिने खुळ्यासारखं विचारलं.

"घाल, मयतास सप्रेम."

मागचे लोक हसले. तीही हसली, तोंडदेखलं. "दादा, रागावलायस?"

"खुनाचं काही नाही गं. रहस्यकथा आहे, कुणीतरी मरायलाच हवं. चिक्कू लिहिलंस, तेही खोटं नाही." त्याने आवाज उतरवला. "पण मी शेवटपर्यंत वाचलं. त्या माणसासाठी कुणीच रडत नाही. बायको दुकानाला कुलूप लावते, पोलीस चहा पितात, आणि सगळे खुनी शोधायला लागतात."

तिचं पेन कागदावरच अडलं. मागची बाई खाकरली. दादाने सही न घेताच पुस्तक उचललं आणि गर्दीत दिसेनासा झाला.

पुरस्कार तिलाच मिळाला. "भावनेचा एक थेंबही वाया न घालवणारी लेखणी," परीक्षक म्हणाले. टाळ्या थांबल्यावर तिला उतारा वाचायला सांगितलं. प्रेत सापडतं ते पान तिने उघडलं, थोडं वाचलं आणि पुस्तक मिटलं. "माफ करा," म्हणत ती मंचावरून उतरली.

"अहो, फोटो राहिलाय!" प्रकाशकबाई ओरडल्या.

दादा बसथांब्यावर उभा होता.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग इथे काय करतेस? जा, लोक खोळंबलेत." मग त्यालाच राहवेना. "दुसरी आवृत्ती निघेल ना?"

"निघेल."

"तर पुस्तकातल्या वहिनीला थोडं रडव. एखादं पान चालेल."

"आणि बहिणीला?"

"त्याला बहीण कुठे ठेवलीस तू?"

तेवढ्यात बस आली. दादा चढला, खिडकीशी बसला आणि हात हलवायचं विसरून समोर बघत राहिला. पर्समध्ये फोन वाजत होता. सभागृहाकडे न वळता ती बस गेली त्या दिशेने चालू लागली, मग भराभर.