सातव्या बेडकापाशी

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नागाफुची मिहो इतोशिमाला एगुचींच्या दारात उभी होती आणि तिच्या हातातला मिठाईचा खोका गरजेपेक्षा मोठा होता. दहा नगांचा पुरेल असं ती दोनदा म्हणाली होती. पण तिच्या कंपनीचे मालक कोगा-शाचो घाबरले की मिठाई वाढवतात.

दार फुमिए-सान यांनी उघडलं. त्यांनी आधी खोका पाहिला, मग मिहोला.

"चोवीस?" त्या म्हणाल्या. "काय करून ठेवलंत?"

"काही नाही. सहज आणलंय."

"सहज आणतात तो दहाचा. चोवीसचा आणला म्हणजे काहीतरी बिघडलंय. या आत." मग त्यांनी मागे वळून हाक दिली, "अहो, माफी मागायला आल्यात."

बिघडलं काहीच नव्हतं. मिहोला फक्त दोन शिक्के हवे होते. १९९४ साली फुकुओकात 'सात तळ्यांचं राज्य' नावाचा एक रोल-प्लेइंग गेम तयार झाला होता. त्यात नायकाने तळ्यातळ्यांवरून हिंडायचं, गावकऱ्यांशी बोलायचं आणि वाटेत येईल त्याच्याशी लढायचं. त्याचा प्रोग्राम एगुची तोकुजिरो यांनी लिहिला आणि चित्रं त्यांच्या बायकोने, फुमिए-सान यांनी काढली. आता तोच गेम हातात धरायच्या नव्या छोट्या यंत्रावर येत होता. करारात लिहिलं होतं की दोघांनी तो पाहून मंजुरीच्या कागदावर शिक्के मारल्याशिवाय तो बाहेर जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कागद पोचला नाही तर तोक्योचे प्रकाशक हे काम दुसऱ्या कंपनीला देणार होते.

मिहोच्या हाताखाली दोन माणसं देऊन तिच्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. त्याआधी नऊ वर्षं तिने पाचिंको या जुगारी खेळाच्या यंत्रांसाठी पडद्यावर उड्या मारणारे मासे हलवले होते. हे काम गेलं तर मासे तिची वाट बघत होते, शाचोंनी तसं हळुवारपणे सांगून ठेवलं होतं.

एगुची-सान बहात्तर वर्षांचे, ताठ बसणारे, स्वेटरच्या खिशात दोन पेनं ठेवणारे गृहस्थ होते. कोतात्सूच्या, म्हणजे खालून गरम होणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीखाली पाय घालून, संत्र्यांची टोपली बाजूला सारून त्यांनी यंत्र हातात घेतलं. पहिला अर्धा तास फार चांगला गेला.

"दार लगेच उघडलं," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

"हो."

"पूर्वी अडीच सेकंद लागायचे. ते लपवायला मी कडी वाजवायचा आवाज घातला होता."

"आवाज ठेवलाय. वाट बघणं काढलंय."

"छान. गवत स्वच्छ दिसतंय. पाणीही." बायकोकडे न बघता ते म्हणाले, "तुझं पाणी चांगलं दिसतंय."

"एकतीस वर्षांनी दिसलं," फुमिए-सान चहा ओतत म्हणाल्या.

मग नायक दलदलीच्या पुलावर गेला. पाण्यातून एक बेडूक वर आला, मग दुसरा. तिसरा आला तसा सगळा पडदा गुळात पाय रुतल्यासारखा मंद झाला. एगुची-सान यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि बोटं स्वेटरला पुसली.

"हे काय आहे?"

"ती मंदगती," मिहो म्हणाली. खरं तर या क्षणाची ती वाट बघत होती. "तुमच्या मूळ गेममधली. बेडूक वाढले की सगळं सावकाश व्हायचं ना, ती आम्ही मुद्दाम तशीच ठेवलीय."

"या यंत्राची ताकद जुन्याच्या किती पट आहे?"

"काही हजार पट."

"आणि एवढ्या तगड्या यंत्राला तुम्ही लंगडायला शिकवलंत."

"आठ आठवडे लागले," मिहो म्हणाली आणि आपण हे बोलायला नको होतं हे तिला लगेच कळलं.

एगुची-सान यांनी संत्र्यांची टोपली आणखी दूर सारली. "नागाफुची-सान, तो पूल माझी लाज आहे. तेव्हा मासिकांनी लिहिलं होतं, गेम उत्तम, पण पुलावर चहा करून घ्यावा. कधीतरी कुणीतरी चांगल्या यंत्रावर हा गेम आणील आणि तो पूल सरळ पार होईल, म्हणून मी एकतीस वर्षं थांबलो. तुम्ही माझं दुखणं काचेच्या पेटीत घालून आणलंत."

"लोकांना ते आवडतं. पत्रं येतात. 'पूल मंद आहे ना?' असं विचारतात. जाहिरातीत 'जसा होता तसा' म्हटलंय."

"लोकांना आवडो. ती मंदगती काढा, मग शिक्का."

मिहोने कपाळावरचा घाम पुसला. खोली गरम होती, पण तेवढी नव्हे.

दरम्यान फुमिए-सान यांनी यंत्र उचलून डोळ्यांजवळ नेलं होतं. "अगबाई," त्या म्हणाल्या. "चामखिळी दिसतायत."

"कुणाच्या?" एगुची-सान म्हणाले.

"बेडकाच्या. प्रत्येकी चोवीस. टीव्हीवर नुसता हिरवा लगदा दिसायचा. मोजून घ्या, सगळ्या आहेत."

"आहेत ना. सात बेडूक, एकशे अडुसष्ट चामखिळी. प्रत्येक वेगळी हलते. त्यामुळेच तर बसला तो पूल."

"चामखिळी कमी करू का, असं मी तेव्हाच विचारलं होतं."

"विचारलं असशील."

"असशील काय? एगुची-कुन," फुमिए-सान म्हणाल्या. कंपनीत त्या एगुची-सान यांच्यापेक्षा दोन वर्षांनी वरिष्ठ होत्या आणि राग आला की 'अहो' जाऊन त्या दिवसांतली हाक परत यायची. "तू काय म्हणालास ते सगळ्या मजल्याने ऐकलंय. चामखिळींना घाबरणारा प्रोग्रामर मी नव्हे, म्हणालास."

एगुची-सान यांनी एक संत्रं सोलायला घेतलं. "आता सोपं आहे. चामखिळी काढून टाका, मंदगतीला कारणच उरणार नाही."

"काढा की," फुमिए-सान म्हणाल्या. "मग माझा शिक्का विसरा."

मिहोने वहीत लिहिलं: चामखिळी राहणार. त्याखाली लिहिलं: मंदगती जाणार. दोन्ही जमण्यासारखं होतं. तपासणीसाठी तिच्या प्रतीत मंदगती बंद करायची सोय होती. अडचण दुसरीच होती, आणि ती सांगणं भाग होतं.

"एगुची-सान, पूर्ण वेगात हा पूल पार होत नाही. बेडकाने जीभ काढली की त्याच क्षणी बटण दाबून ढाल वर करायची असते. मंदगती होती म्हणून तेवढा वेळ मिळायचा. आमच्या ऑफिसात कुणालाच जमलं नाही."

"तुमच्या ऑफिसात बेडूक कुणी बनवला होता?"

"कुणी नाही."

"मी बनवलाय. लावा."

तिने मंदगती बंद केली. पडदा पाण्यासारखा वाहू लागला. एगुची-सान यांचा चेहरा उजळला. सात बेडूक रांगेत उभे राहिले, चामखिळी सुरेख हलल्या, आणि पहिल्या जिभेत नायक मेला.

"हं," एगुची-सान म्हणाले. "सवय गेलीय."

दुसऱ्या वेळी नायक दोन जिभा टिकला. तिसऱ्या वेळी एक. पाचव्या वेळेला एगुची-सान यांनी चष्मा बदलला. सातव्या वेळेला ते टेबलाकडून खिडकीकडे तोंड करून बसले. उजेड पडद्यावर येतोय म्हणाले.

फुमिए-सान यांनी उदोनचे वाडगे आणून ठेवले, गरम रश्शात जाड शेवया आणि वर गोबोच्या मुळांची भजी. "खाऊन घ्या. फुगतील."

"एक मिनिट."

"आपल्याकडचे उदोन आधीच मऊ. एका मिनिटात त्यांची पेज होते."

नायक नवव्यांदा मेला. उदोन फुगले. "बटण सैल आहे," एगुची-सान म्हणाले.

"बटण नवं आहे, अहो. बोटं बहात्तर वर्षांची आहेत."

"मग जीभ सावकाश करा."

"जीभ मी सहा चित्रांत काढलीय," फुमिए-सान म्हणाल्या. "ती ताणायची नाही. ताणली की पट्टा दिसतो."

अकराव्यांदा मेल्यावर एगुची-सान यांनी यंत्र खाली ठेवलं, वाडगा ओढला आणि सगळे उदोन संपवले. मिहो भज्यांचे तुकडे करत बसली. उद्या सहा वाजेपर्यंत अठ्ठावीस तास होते. शाचोंना तिने 'मंदगतीवर चिडलेत' एवढाच निरोप पाठवला होता, आणि त्यांचा फोन खिशात दोनदा थरथरून गेला होता.

"लावा ती तुमची मंदगती," एगुची-सान शेवटी म्हणाले. "शेवटपर्यंत बघतो. एकदाच."

तिने लावली. यावेळी ते खेळले नाहीत, यंत्र मिहोच्या हातात देऊन शेजारून बघत राहिले. एक बेडूक, दोन, तीन. चार. पाचव्याला त्यांच्या भुवया जवळ आल्या. सातव्याला ते म्हणाले, "थांबा."

"काय झालं?"

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मंदगती. ही माझी नाही. तुम्ही तिसऱ्या बेडकापासून सगळं एकसारखं मंद केलंय. सेकंदाला वीस चित्रं, सरसकट."

"जुन्या टेपवरून मोजलं," मिहो म्हणाली. "कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली टेप होती. सरासरी काढली."

"सरासरी," एगुची-सान म्हणाले. आपल्या मुलाचं नाव कुणीतरी चुकीचं घेतल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "हा पूल सरासरीने मंद नव्हता, नागाफुची-सान. तो पायऱ्यापायऱ्यांनी मंद व्हायचा."

ते उठले. आतल्या खोलीतून कपाट सरकवल्याचा, खोके ओढल्याचा आवाज आला. फुमिए-सान यांनी मिहोच्या कपात चहा ओतला आणि हळूच म्हणाल्या, "माफीनामा आणतायत."

"कसला?"

"कंपनीला लिहून दिलेला. तेव्हा चूक झाली की चूक, कारण आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे लिहून शिक्का मारून द्यावं लागायचं. एकाने एक पान लिहिलं की पुरायचं. यांनी नऊ लिहिली."

एगुची-सान यांनी पिवळ्या पडलेल्या कागदांची प्रत टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर माफी होती, दुसऱ्यावर आणखी माफी. चौथ्या पानापासून तक्ता सुरू झाला, किती बेडकांना सेकंदाला किती चित्रं. एक बेडूक: साठ. दोन: साठ. तीन: तीस. पाच: वीस. सात: पंधरा. प्रत्येक आकड्यापुढे स्टॉपवॉचवर दहादा मोजलेल्या वेळा होत्या. सातव्या पानावर एक स्वतंत्र परिच्छेद होता. सातवा बेडूक पुलाच्या मधोमध आला की सगळा खेळ पाऊण सेकंद पूर्ण थांबतो आणि याबद्दल खाली सही करणारा विशेष दिलगीर आहे, असं त्यात लिहिलं होतं.

मिहोने तो परिच्छेद दोनदा वाचला. आठ आठवडे ज्याच्या मागे ती लागली होती ते सगळं या माफीनाम्यात व्यवस्थित आखून ठेवलेलं होतं.

"हे वापरू?" तिने विचारलं.

"वापरा किंवा ती मंदगती काढून टाका. पण खोटी नको. लोकांना माझी चूक दाखवायची असेल तर माझीच दाखवा. कुणाची तरी सरासरी दाखवू नका."

"म्हणजे ठेवायची?"

"मी तसं म्हटलं नाही," एगुची-सान म्हणाले.

"त्यांनी तसंच म्हटलं," फुमिए-सान म्हणाल्या. "तुम्ही कामाला लागा."

मिहोने लॅपटॉप उघडला. फोन लावून ऑफिसातल्या दोघांना तक्ता वाचून दाखवला आणि कोतात्सूच्या एका बाजूला बसून बदल करायला घेतले. एगुची-सान दुसऱ्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन बसले. तीस होताना त्यांनी मान हलवली. वीसला पुन्हा हलवली. पंधराला म्हणाले, "थोडं लवकर येतंय. बेडूक पूर्ण बाहेर आल्यावर. आता डोकंच आलंय." तिने बदललं. पाऊण सेकंदाच्या थांब्याला मात्र त्यांनी तिला पाच वेळा मागे पाठवलं. हा सदुसष्ट शतांश झाला, म्हणाले, आणि हा ब्याऐंशी. बाहेर समुद्राकडच्या खानावळींच्या झापांतून भाजलेल्या शिंपल्यांचा वास येऊ लागला तेव्हा चार वाजत आले होते.

सहाव्या खेपेला त्यांनी यंत्र स्वतः हातात घेतलं. बेडूक आले. खेळ जड झाला, आणखी जड झाला. सातवा मधोमध येऊन उभा राहिला आणि सगळं थांबलं. एगुची-सान यांचा श्वासही थांबला. मग जीभ निघाली, अंगठा पडला, ढाल वर आली. दोन मिनिटांनी नायक पुलापलीकडे होता.

"हो," ते म्हणाले. "अगदी असंच लाजिरवाणं होतं."

त्यांनी शिक्का काढला, लाल शाईवर दाबला आणि कागदावर उमटवला. फुमिए-सान यांनी आधी एका बेडकाच्या चामखिळी बोटाने मोजल्या, मग आपला शिक्का शेजारी मारला. मिहो वाकून आभार मानत होती तेवढ्यात एगुची-सान यांनी कागद परत ओढला आणि खिशातल्या पेनाने शिक्क्याखाली दोन ओळी लिहून तक्त्याची पानं सोबत जोडली.

स्टेशनवर पोचल्यावर तिने शाचोंना कागदाचा फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात फोन आला.

"दोन्ही शिक्के आले? शाब्बास, नागाफुची. म्हणजे काढायला लावली ना मंदगती? प्रकाशकांना काय सांगायचं ते मी बघतो."

"नाही काढली. खालचं वाचा."

शाचोंनी वाचायला सुरुवात केली. आवाज हळूहळू खाली जात गेला. "'सोबतच्या तक्त्याप्रमाणे पुलावरील वेग कायम ठेवावा. भविष्यात कोणत्याही यंत्रावर, माझ्या लेखी परवानगीशिवाय, तो वाढवू नये. एगुची.'" मग म्हणाले, "ते तर या मंदगतीवर चिडले होते ना?"

"हो," मिहो म्हणाली. "आपण ती नीट केली नव्हती म्हणून."