सुभेदारांच्या अंगणातलं पाणी

"हटा, हटा! आलं बगा, आलं!"

गर्दी एकदम पुढं रेटली. ओट्यावर कैलासवासी सुभेदार हंबीररावांचा फोटो होता आणि भोवतीच्या करड्या फरशीच्या फटींतून पाणी वर येत होतं. पाऊस संपून दोन महिने झाले होते. तरी फटीफटीतून थेंब फुटत होते. बायका बोटं भिजवून डोळ्यांना लावत होत्या. फटींच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती, विभूती म्हणून तिच्या पुड्या बांधल्या जात होत्या.

"सुभेदारसायेब रडाय लागल्यात," झोळीवाले नाथाजीबुवा डोळे मिटून म्हणाले. "पर मिलिट्रीचा माणूस हाय. हजेरी पुरी झाल्याबिगर मनमोकळं रडायचा न्हाई. अकरा गडी हुबं ऱ्हावा, पाय आपटून नाव घ्या!"

अकरा जणांनी पाय आपटले. पाणी आणखी वर आलं.

"बुवा, बाकीच्या दिशी का वो रडत न्हाईत?" मागून गर्दीतल्या सयाजीनं विचारलं.

"फकस्त बेस्तरवारी परेड असती रं त्यांची."

लोक हसले, हात मात्र जोडलेलेच राहिले. घरी जाताना प्रत्येकानं ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. साहेब तहानलेले आहेत, रोज पाणी घाला, असं बुवांनीच सांगून ठेवलं होतं.

दारात उभी असलेली रेश्मा हे सगळं बघत होती. सुभेदारांची ही एकुलती एक मुलगी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. असल्या चमत्कारांची उकल करणारी पुस्तकं तिनं स्वतःच्या हातानं कपाटात लावली होती, वाचलीही होती. वडील गेले तेव्हा ती पुण्यात एका परिषदेत होती. फोन बंद होता. ती पोचली तेव्हा वडिलांना अंगणात आणून ठेवलं होतं. आता फरशीतून पाणी यायला लागल्यावर पहिल्याच गुरुवारी बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "लेकीवर राग न्हाई म्हनत्यात सायेब." फोनची गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती? बुवांनाही कुणीतरी सांगितलीच असणार. हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तिनं वाकून बोट भिजवलं आणि डोळ्यांना लावलं. पुढचे तीन गुरुवारही ती गप्प राहिली; आजचा चौथा.

त्याच दिवशी, गर्दी पांगल्यावर, तिची आई बनुबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. साखर निघाली चारशे बारा. मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं डब्यात जशीच्या तशी होती.

"आगं, त्यांचं भरून ठेवल्यालं तीर्थ घेतीया की मी रोज वाटीभर," आई म्हणाली. "बुवा म्हनलं, गोळ्या बंद कर. तू तितंच हुतीस. तू बी काय बोलली न्हाईस. मला वाटलं, शिकल्याली लेक गप हाय म्हंजे खरंच असंल."

रेश्माला आईकडं बघवेना. तिनं अंगणात फरशी घातलेल्या आकाराम गवंड्याला फोन लावला.

आकाराम बुधवारी आला. फरशीवर टाच दाबून बघितली, फटीतून बुडबुडा आला, आणि तो मान हलवत खाली बसला. "ताई, मी काय म्हनलं हुतं तुमाला? फुटाला सूतभर ढाळ देऊ, म्हंजे पानी दाराकडं उतरंल, तितं जाळी बसवू. तुमीच न्हाई म्हनला."

न्हाई तिनंच म्हटलं होतं. वर्षश्राद्धाआधी अंगण करायचं होतं. "आबांचं अंगण परेड ग्राउंडसारखं सपाट पाहिजे, ओट्यासमोर उतार आणि जाळी नको," असं म्हणून तिनं सपाटी मोजायची पाणसळ मागून घेतली आणि बुडबुडा मधोमध आहे का हे स्वतः तपासलं होतं. ढाळ न देता पाणी कुठं जाईल, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"पाणी कुठून येतं ते उद्या सगळ्यांसमोर दाखवाल?" रेश्मानं विचारलं.

"दावतो. पर खरं तुमीच सांगायचं."

त्या दुपारी दोघांनी दाराजवळच्या फटींत बादलीभर नीळ ओतली आणि फरशी वरून स्वच्छ पुसून घेतली.

गुरुवारी अकरा जण उभे राहिले, पाय आपटले. ओट्यापाशी, दारापासून दहा फुटांवर, पाणी वर आलं. ते निळं होतं.

बायकांनी पुढं केलेली बोटं मागं घेतली. मग सयाजी म्हणाला, "बुवा, सायेबांनी युनिफॉर्म धुवाय काडलाय जनू!"

"पितर कोपलं! इटाळ झाला!" बुवा ओरडले.

"कोपले नाहीत," रेश्मा पुढं आली. "नीळ मी काल दाराशी ओतली. आकारामदादा, काढा एक फरशी."

आकारामनं पहारीनं फरशी उचलली. खाली वाळूचा नुसता निळा चिखल होता.

"ही पोर्सिलेनची फरशी," तो म्हणाला. "शहाबादीगत पानी पीत न्हाई, खालचं सुकूबी देत न्हाई. तुमी वतल्यालं फटीतनं आत जातंय, खाली काँक्रिट हाय, चारी बाजूला कट्टा. जायाला वाट न्हाई. ओट्यापाशी जरा खोलगट, तितं साचतंय. अकरा जनांचं वजन पडलं की दबून वर येतंय. ईभूती म्हंजे शिमिटातला खार. खाऊ नगासा."

बुवांनी झोळी उचलली. त्यांना कुणी अडवलं नाही.

"ढाळ नको म्हणणारी मी," रेश्मा म्हणाली. "आणि शंका येऊनही गप्प बसणारी मी. तुमच्यापेक्षा चार पुस्तकं जास्त वाचलीत, म्हणून माझी चूक जास्त मोठी. तुम्ही काल ओतलेलं पाणीच आज तीर्थ म्हणून पीत होता. उद्या कुठं असं काही दिसलं तर हात जोडायच्या आधी विचारा, हे येतं कुठून? माणूस किती का शिकलेला असेना, तो गप्प आहे म्हणून विश्वास ठेवू नका. आणि कुणाचीही औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका."

लोक एकेक करून निघाले. दोघीतिघींनी पुड्या कट्ट्यावर ठेवल्या. एकीनं मात्र कनवटीला खोचली.

आई उघड्या वाळूकडं बघत बसली होती. "मग त्ये रडत न्हवतं व्हय?"

"नाही आई."

"आन तुज्यावर राग न्हाई म्हनलं, त्ये?"

रेश्मानं गोळ्यांचं पाकीट फोडलं. "ते बुवा म्हणाले. आबांच्या मनात काय होतं, ते आता कुणालाच कळायचं नाही."

तिनं गोळी आईच्या हातावर ठेवली आणि भांडं भरायला नळाकडं गेली.