मामांनी घातलेलं पाणी

पिकअपच्या केबिनमध्ये गोडसर वास यायला लागला, तेव्हा काचवाल्याला पहिला संशय सासऱ्यांचाच आला. म्हातारा मोठा वस्ताद. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली, डॉक्टरांनी पाणीसुद्धा घोटघोट प्यायला सांगितलेलं, तरी कोटाच्या खिशात सरबताची बाटली सापडायचीच. त्याने सीटखाली हात घालून चाचपलं. बाटली नव्हती. पायाखालची मॅट मात्र ओली होती, आणि बोटाला लागलं ते हिरवट, बुळबुळीत काहीतरी होतं.

"मामा, हे काय?"

सासऱ्यांना तो मामाच म्हणायचा. मामांनी वाकून वास घेतला. उभी हयात ट्रक चालवण्यात गेलेला माणूस.

"कूलंट," ते म्हणाले. "इंजिन गार ठेवतं ते. हीटर गळतोय, जावईबापू. आता खिसा सांभाळा."

पिकअप म्हणजे काचवाल्याचं अख्खं दुकान. मागच्या हौद्यात तिरकी लोखंडी घोडी, तिला टेकवून पट्ट्यांनी बांधलेल्या काचा. दुकानांच्या दर्शनी काचा, घरांच्या खिडक्या, जे फुटेल ते तो बसवायचा. आठवड्यातून तीनदा घाटापलीकडच्या शहरातल्या हॉस्पिटलात मामांना डायलिसिसला सोडायचं, ते यंत्राला जोडलेले असेपर्यंत त्या शहरातली कामं उरकायची आणि संध्याकाळी त्यांना घेऊन परतायचं, असं त्याने बसवलं होतं. बायको गणवेश शिवण्याच्या कारखान्यात. तिथे एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसरीच बाई बसलेली. म्हणून बापाला नेण्याआणण्याचं काम जावयाकडे आलं होतं. सासरा-जावयाचं गूळपीठ नव्हतं, पण वैरही नव्हतं. मामा शेजारी बसून त्याच्या प्रत्येक गिअरवर टीका करायचे आणि तो रेडिओचा आवाज वाढवायचा. असं ठीक चाललं होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर एक मृदू बोलणारी बाई होती. तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"हीटर कोअर फुटलाय. भाग तसा लहानच असतो, पण बसवलेला असतो डॅशबोर्डच्या पोटात. स्टिअरिंगपासून सगळं उतरवावं लागतं. मजुरीच जास्त आहे."

खालच्या ओळीतला आकडा बघून त्याला आधी वाटलं, हा यांचा फोन नंबर असणार.

"आणि वॉरंटी?"

"गेल्या महिन्यात संपली."

"गेल्या महिन्यात गळत नव्हता हो."

"बहुतेकांचं असंच होतं," बाई इतक्या कळवळ्याने म्हणाली की त्याला रागवताही येईना. "मी कंपनीला विनंती पाठवते. कधीकधी निम्मा खर्च देतात."

निम्मा सोडा, कंपनीने दमडीही दिली नाही. चार दिवसांनी बाईचा फोन आला. कूलंट तपासलं तर त्यात अर्ध्याला अर्धं साधं पाणी निघालं होतं. बाहेरचं पाणी घातलं की आतून गंज धरतो, म्हणून कंपनीने हात वर केले होते.

"तुम्ही पाणी घातलंत का?"

"मी नाही," काचवाला म्हणाला. आणि म्हणता म्हणताच कोणी घातलं ते त्याला कळलं.

घाटमाथ्यावर चहाला थांबलं की मामा खाली उतरायचे, टपरीवरून डबाभर पाणी आणायचे, बॉनेट उघडायचे. जुन्या ट्रकांना घाट चढल्यावर पाणी पाजावंच लागायचं. हाताला वळण पडलेलं. काचवाला चहा पीत बघत असायचा. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटतं, म्हणून कधी बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मात्र तो बोलला. बायको आत होती.

"तुमच्या त्या पाण्यानं गाडी खाल्ली, मामा. कंपनीनं लिहून दिलंय. साधं पाणी घातलं म्हणून सगळं माझ्या अंगावर आलं."

मामांचा हात ताटातच राहिला. एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारा माणूस, पण त्या दिवशी ते ताट बाजूला सारून उठले आणि आपल्या खोलीत गेले.

"काय झालं? बाबा जेवले नाहीत?" बायको बाहेर येऊन म्हणाली.

"भूक नाही म्हणाले," तो म्हणाला.

गाडी तशीच चालवणं शक्य नव्हतं. कूलंट गळून संपलं तर इंजिनच बसलं असतं. कोणीतरी त्याला नाक्यावरच्या मेकॅनिकचं नाव सांगितलं. त्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणायचे, कारण तो बोलतानाही हातातला पाना खाली ठेवत नसे. पान्याने बॉनेटखाली डोकं घातलं, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या आणि एकमेकींना जोडून टाकल्या.

"झालं. आता पाणी हीटरकडे जाणारच नाही. इंजिन सुरक्षित. हीटर विसरायचा."

"थंडी तोंडावर आलीय रे."

"मग कंपनीकडं जा आणि नाकापेक्षा मोती जड करून या." पाना हसला. मग हात पुसत म्हणाला, "पाण्यानं गेला म्हणाले का? सगळ्यांना तेच सांगतात. या गाडीचा हीटर जन्मजात कच्चा. माझ्याकडं याच्या आधी कितीतरी आल्या, त्यातल्या निम्म्यांत कूलंट कंपनीचंच होतं. डबाभर पाण्यानं एवढं होत नसतं."

काचवाल्याने ऐकलं, पैसे दिले आणि गाडी बाहेर काढली. घरी जाऊन ही गोष्ट मामांना सांगायला हवी, हे त्याला रस्त्यातच सुचलं होतं. पण घरी मामा गप्प बसलेले होते, त्यांच्या गप्प असण्यात एक आरामही होता, आणि इतका मोठा फटका बसल्यावर राग काढायला घरातलं एक माणूस असलेलं त्याला बरं वाटत होतं. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी एक मोठी काच बसवायची होती. ते राहून गेलं.

थंडी आली ती दात ओठ खात. घाटात रस्त्याकडेचं गवत सकाळी पांढरं पडलेलं असायचं. हीटर नाही म्हणजे केबिनमध्ये ऊब नाही, एवढंच त्याने धरलं होतं. पहिल्याच फेरीत कळलं की समोरच्या काचेवर गरम हवाही येत नाही. दोघांच्या श्वासाने काच आतून धुरकटायची, समोरचं वळण दिसेनासं व्हायचं. मग काच साफ राहावी म्हणून दोन्ही खिडक्या बोटभर खाली ठेवाव्या लागायच्या आणि वारा सुरीसारखा आत यायचा. मामांनी साबणाची कोरडी वडी आणली, काचेवर आतून घासली, फडक्याने पुसली. त्याने थोडं बरं झालं. "आमच्या वेळी हीटर होते कुठे?" ते म्हणाले. पूर्वी हे वाक्य ते टेचात म्हणायचे. आता ते माफी मागितल्यासारखं वाटलं.

जाताना ठीक असायचं. येताना मामांची अवस्था बघवत नसे. यंत्रातून रक्त फिरून आलं की माणसाला अशी थंडी भरते की जाड पांघरुणाखालीसुद्धा हाडं वाजतात. बायको गरम पाण्याच्या दोन पिशव्या द्यायची, त्या सकाळीच निवायच्या. तिने बापाला स्वतःचा लोकरीचा कोट शिवून मोठा करून दिला. मामा त्यात गुरफटून, गुडघे छातीशी घेऊन बसायचे. दात वाजू नयेत म्हणून तोंडात रुमाल धरायचे. तक्रारीचा शब्द नाही. काचवाला रस्त्याकडे बघत गाडी हाणायचा. एक मोठं काम मिळालं की हीटर करून घेऊ, असं तो मनाशी म्हणायचा. मोठं काम मिळालं, तेव्हा काचेच्या व्यापाऱ्याची बाकी चुकती करावी लागली.

मग एका सकाळी मामा कोट न घालताच ओट्याशी चहा घेत उभे.

"आवरा मामा, उशीर होतोय."

"आज नाही. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून दोनदा पुरे. तब्येत सुधारलीय."

काचवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. चेहरा सुजलेला होता, डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या. चपलेचे पट्टे सैल करून घातलेले. सुधारलेला माणूस असा दिसत नाही, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण बाहेर कडाका होता, गावातच दोन खिडक्यांचं काम होतं, आणि घाट टळत होता.

"डॉक्टर म्हणाले ना? मग झालं," तो म्हणाला.

बायकोला मामांनीच सांगितलं. ती कामावरून आल्यावर किती खूश झाली! "बघा, मी म्हणत नव्हते? बाबा चिवट आहेत." तिने नवऱ्याला विचारलं, "डॉक्टर तुमच्याशी बोलले का?" तो म्हणाला, "मामांशी बोलले." मामा तसंच म्हणाले होते, पण ते खरं नसणार, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यांत कधी दोनदा जाणं झालं, कधी एकदाच. हॉस्पिटलातून फोन आला तर मामा स्वतःच उचलायचे, "गाडी बंद आहे" म्हणायचे. काचवाल्याने एकदा ते दारातून ऐकलं. गाडी अंगणात उभी होती, चांगली धडधाकट. तो आत आला नाही. घोडीचे पट्टे आवळत बसला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बायकोची किंकाळी ऐकू आली. मामा पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गादीवर रोवून, आणि श्वास घेत होते तो पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. ओठ निळे. काचवाल्याने त्यांना उचलून केबिनमध्ये घातलं. बायको त्यांना छातीशी धरून बसली. घाटात काच धुरकटली तेव्हा तो एका हाताने पुसत, खिडकीतून डोकं बाहेर काढत गाडी चालवत होता.

हॉस्पिटलातल्या नर्सने मामांना लगेच यंत्रावर घेतलं. मग बाहेर येऊन ती बायकोवर उखडली. "किती वेळा फोन केले! आठवड्यातून तीनदाचं दोनदा कोणी केलं यांचं? फुप्फुसात पाणी भरलंय, हृदय थकलंय. आता काही सांगता येत नाही."

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना," बायको म्हणाली.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

बायको नवऱ्याकडे वळली. त्याने मान खाली घातली.

दुपारी मामा थोडे शुद्धीवर आले. नाकातोंडावर मास्क होता. बायको औषधं आणायला खाली गेली होती. काचवाला खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसला. बोलायला खूप होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच.

"मामा, पाण्यानं काही झालं नव्हतं."

मामांनी डोळे वळवून त्याच्याकडे बघितलं.

"हीटर. तुमच्या पाण्यानं नाही गेला. मेकॅनिकनं सांगितलं, त्या गाडीचा मुळातच कच्चा आहे. सगळ्यांचा जातो. मी... तुम्हाला सांगायचं राहिलं."

मामांनी मास्क बोटाने जरा बाजूला केला. ते रागावतील, असं त्याला वाटलं. त्याला ते हवंही होतं.

"हात्तिच्या!" मामा म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरच हसू आलं. छाती वरखाली होत होती. "मी म्हटलं... उभ्या जन्मात... एक गाडी नाही बिघडवली आपण. म्हातारपणी... जावयाचीच..." पुढे त्यांना दम लागला. त्याने मास्क नीट बसवला. मामांनी त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

तो वळला तेव्हा बायको दारात उभी होती. हातात औषधांची पिशवी. ती किती वेळ उभी होती ते त्याला कळलं नाही.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नळ्या जोडल्या त्या दिवसापासून."

"आणि दोनदा पुरे, हे खोटं आहे, ते?"

तो खुर्चीवरून उठला. ती त्याला वळसा घालून आत गेली आणि बापाच्या पायांवरची चादर सारखी करू लागली.

मामा तिसऱ्या दिवशी गेले. पहाटे, झोपेत. त्यांना घरी आणायला हॉस्पिटलची गाडी मिळाली. बायको त्यांच्यासोबत त्या गाडीत बसली. तो रिकामी पिकअप घेऊन मागून आला.

दिवसकार्य झाल्यावर लोक पांगले. घरात भांडण झालं नाही. ती ओरडली असती, भांडी आपटली असती तर त्याला सोसवलं असतं. ती वेळेवर उठायची, डबा करायची, त्याचाही करायची, कारखान्याची बस पकडायची. कामापुरतं बोलायची. गॅस संपत आलाय. तुमची पावती आलीय. एका रविवारी तिने मामांची खोली झाडली, त्यांचे कपडे बांधून कोणाला देऊन टाकले. मग आपली उशी आणि पांघरूण उचलून तिथे नेलं.

काचवाला दारापर्यंत गेला.

"इथे गार लागेल तुला," तो म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, पण दार ढकललं नाही.