मागचा ब्रेक

‘साहेब, माझ्या बायकोचा हात तुम्ही मोडलात.’

विकासने वाक्य संपवलं आणि पूर्णविराम देताना खडू इतका दाबला की तुकडा उडून गटारात गेला. चाळीच्या तोंडाशी टांगलेला हा फळा. सकाळी दूध आणायला निघालेले दोघे-तिघे पिशव्या धरून मागे थांबले होते. त्यांचे डोळे विकासला पाठीवर जाणवत होते. त्याने खाली लिहिलं, ‘आठ महिने तो खड्डा तुमच्या नाकासमोर आहे. तुम्ही गाडीच्या काचा वर करून निघून जाता. पडतात आमची माणसं. कोणत्या तोंडाने पगार घेता?’ आणि शेवटी नेहमीसारखं, खाली दोन रेघा मारून: ‘उत्तर द्या.’

“कडक!” मागून कुणीतरी म्हणालं. “दादा, फोटो मारतो. ग्रुपवर टाकतो.”

“टाक. सगळीकडे टाक.”

फळा त्याच्याकडे बापाकडून आला होता. शामराव चौथी शिकलेले, पण गिरणीच्या संपात रोज पहाटे याच फळ्यावर बातमी लिहायचे. ‘लिवायचं ते सही केल्यागत लिवायचं,’ एवढंच त्यांनी पोराला शिकवलं. विकास दहावीला नापास झाला. पण नळाला पाणी नाही, संडासाचं दार मोडलं, कचरा उचलला नाही, की साहेबलोकांची सालटी काढायचं काम चाळीने त्याच्यावर सोपवलं होतं. त्याचं ‘उत्तर द्या’ आजूबाजूच्या चार चाळींत प्रसिद्ध होतं.

घरात माया कॉटवर बसली होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात पट्टी. डाव्या हाताने कप धरायची सवय तिला अजून झाली नव्हती. बशीत चहा सांडला होता.

“लिहिलंत?”

“लिहिलं. सोडत नाही त्यांना.”

मायाने कप खाली टेकवला. चहावरची साय बोटाने कडेला ओढत राहिली.

एप्रिल होता. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत या दिवसांत मिरची कुटायचे डंक सकाळपासून धडधडत असतात. त्यातल्या एकावर माया अकरा वर्षं कामाला होती. लोखंडी मुसळं ओळीने वर जातात, खाली आदळतात, त्यातलं एखादं जरा ढिलं झालं तरी ती पाठ फिरवून, मान किंचित कलती करून ऐकायची आणि म्हणायची, “तिसरं बघा.” मालक तिसरं उघडायचा. ती कधी चुकली नव्हती. आता प्लॅस्टर दीड महिना, म्हणजे हंगाम गेला. तिच्या जागेवर दुसरी बाई उभी राहिली होती. पुढे काय, हे घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं.

दुपारी विकास रे रोडला गेला. लाकडाच्या वखारींच्या आड निलेशचं गॅरेज होतं, तिथे अपघातानंतर मोटारसायकल दुरुस्तीला टाकली होती.

“ये, लेखक,” निलेश बसल्या जागेवरून म्हणाला. “तुझ्या फळ्याचो फोटो माझ्याकडे पण इलो. काय सोलटलंस रे साहेबाला!”

“मग? गप्प बसू?”

“नको बसू. इथे बस. तुला एक गंमत दाखवतो.”

मागचं चाक त्याने काढून ठेवलं होतं. ड्रम उलटा केला तशी आतून काळी पूड सांडली. मग त्याने अर्धगोल आकाराचे दोन तुकडे विकासच्या तळहातावर ठेवले.

“ब्रेकचे लायनर. नवीन असताना यावर जाड थर असतो. तुझा कुठाय?”

थर नव्हता. एका तुकड्यावर तर नुसता धातू होता आणि त्यावर ओरखडे.

“आणि ह्यो बघ.” निलेशने ब्रेकच्या सळीच्या टोकाचा नट दाखवला. “ब्रेक सैल लागला की हा थोडा आवळायचा. एकदा, दोनदा. इथपर्यंत? पुढे आवळायला आटेच उरले नाहीत. कुणी केलं हे?”

विकास वखारीकडे बघत राहिला. दर रविवारी, दातांत बिडी धरून, पान्याने. पेडल खाली जायला लागलं की एक फेरा. पुढच्या रविवारी आणखी एक. गाडी आपल्या मुठीत आहे असं वाटायचं तेव्हा.

“इथे बाण असतो,” निलेश म्हणाला. “ब्रेक दाबल्यावर हा बाण त्या खुणेला टेकला, की समजायचं लायनर संपला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून ठेवलाय. आणि तू जगाला लिहून देतोस.”

“खड्डा होता, निलेश.”

“होता रे. मी कुठे नाही म्हणतोय? मी पण रोज चुकवतो त्याला.”

विकासने तुकडे मुठीत दाबले. कड टोचली.

“कुणाला बोलू नको.”

“मी कशाला बोलू?” निलेशने हात पुसायचं फडकं झटकलं. “मी काय फळा लिहितो?”

विकासने लायनर वर्तमानपत्रात गुंडाळून पँटच्या खिशात घातले. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तिथेच भंगारात टाकता आले असते.

चालत परत येताना त्याला डंकाची पायरी आठवली. तीन आठवड्यांपूर्वी मायाला तिथे सोडलं होतं. गाडीच्या टाकीवर चिकटवलेल्या कागदावर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख जानेवारीची होती, ती उन्हाने पुसट झाली होती. माया उतरली, पण गेली नाही.

“मागून खरवडतंय काहीतरी,” ती म्हणाली होती. “लोखंडावर लोखंड. निलेशभाऊंना दाखवा ना.”

पायरीवर चार बाया मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. विकासला कामावर जायला उशीर झाला होता. पण खरं तेवढंच नव्हतं. बायकोने चारचौघींत गाडीतली चूक काढली, हे त्याला झोंबलं होतं. जो माणूस साहेबांना घाबरत नव्हता, तो मिरचीच्या पायरीवर घाबरला.

“तुला गाडीतलं काय कळतं? तू मिरच्या कुट,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता.

बाया हसल्या. मायाही हसली, जरा उशिरा. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. फक्त उतार आला की तिचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट व्हायचा. त्याला वाटायचं, प्रेम.

अपघात झाला त्या रविवारीही तो हात घट्ट झाला होता. खड्डा विकासला लांबूनच दिसला होता. आठ महिन्यांत त्याची कड न् कड पाठ झाली होती. त्याने ब्रेकवर पाय दिला, पेडल थेट तळाला जाऊन बसलं आणि गाडी तशीच पुढे. मग हातातला ब्रेक करकचून दाबला, पुढचं चाक खड्ड्यात वळलं आणि माया उजव्या हातावर पडली. उठल्याबरोबर तो रस्त्यावर ओरडला होता, “बघा, बघा यांचे रस्ते!” मायाला उचलायच्या आधी.

घरी आला तेव्हा संघमित्रा दारात उभी होती. चाळीच्या तरुण मंडळाची ही सेक्रेटरी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, बोलायला धारदार.

“विकासदादा, जयभीम! तुमचा फळा कुठल्या कुठे गेलाय. उद्या अकराला पालिकेचा साहेब स्वतः येतोय. वहिनी, उद्या तुम्ही बोलायचं.”

“मी? मी काय बोलू?”

“जे झालं ते. घाबरायचं कशाला?”

मायाने संघमित्राकडे बघितलं नाही. ती विकासकडे बघत होती.

“अहो, काय बोलू मी?”

विकास माठाकडे वळला. तहान नव्हती, तरी भांडं भरून घेतलं.

“खड्डा होता म्हणून सांग,” तो भिंतीला म्हणाला.

संघमित्रा गेली. विकास पाणी पिऊन तसाच उभा राहिला. खिशातला कागद कुरकुरला.

“माया.”

“काय?”

“दुखतंय?”

“पडून राहिलं की दुखतं,” ती म्हणाली, आणि थोडा वेळ थांबली. तो आणखी काही बोलतोय का, याची वाट बघितल्यासारखी. मग डाव्या हाताने कांदे निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी अकराला अख्खी चाळ खाली होती. फळ्याशेजारी मायाला खुर्ची दिली होती. विकासने धुतलेला शर्ट घातला होता. भांडण पाठ करून आला होता. साहेब म्हणजे पंचविशीतला एक पोरगा निघाला, काखेत फाइल, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने फळ्यावरची ओळ न् ओळ वाचली. शेवटच्या दोन रेघांशी थोडा थांबला. मग मायासमोर आला.

“ताई, खड्डा आमचा आहे. आठ महिने आम्ही भरला नाही, ही चूक आहे. आज संध्याकाळपर्यंत भरून देतो. माफी मागतो तुमची.”

याची तयारी कुणाचीच नव्हती. गर्दीतून शिट्टी वाजली, कुणीतरी टाळी पिटली, आणि एक म्हातारी म्हणाली, “बरा आहे की गो पोर!” विकासचं पाठ केलेलं भांडण तोंडातच राहिलं. मरेपर्यंत नाकारायचं सोडून हा माणूस सरळ कबूल झाला. असं इतकं सोपं असतं?

साहेबाने फाइल उघडून पेन काढलं.

“एवढं फक्त लिहून घेतो. अपघाताच्या वेळी गाडीचे ब्रेक ठीक होते ना?”

“म्हणजे आता दोष आमचा?” संघमित्रा उसळली.

“हेच पाहिजे होतं यांना!” गर्दीतून आवाज आला.

“दादा, घ्या याला! उतरवा याची!”

“नाही हो,” पोरगा गांगरला. “रकाना आहे. भरावाच लागतो. हो की नाही, एवढंच.”

सगळे विकासकडे वळले. त्याचा हात खिशात होता. कागद फाटून लायनरची कड बोटाला लागत होती. मागे फळा होता, त्याच्याच अक्षरातला. त्याने तोंड उघडलं.

माया खुर्चीतून उठली. प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरून धरलेला. ती चिडलेली नव्हती. तिने मान किंचित कलती केली, डंकाकडे पाठ करून ऐकायची तशी.

“अहो,” ती म्हणाली, “ते विचारतायत. उत्तर द्या.”