मैनेच्या पोटातली वस्ती

गावातली माणसं ऊसतोडीला गेली, की शिरूर कासारच्या त्या आळीत कुत्रंसुद्धा भुंकायला आळस करायचं. भुंकणार कुणावर? दारोदार कुलपं! भिवराबाईचा मुलगा उत्तरेश्वर, सून, नातवंडं, सगळी पल्याडच्या जिल्ह्यात कारखान्यावर. मागं उरली म्हातारी आणि तिची शेळी मैना. ती मैनेशीच बोलायची, तिच्यावरच चिडायची, तिच्याच शेजारी बसून भाकर खायची. समोर धाकटी जाऊ छबुबाई होती म्हणा, पण टँकरवर घागर मधी घुसवण्यावरनं दोघींचं वाजलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

दुष्काळात सरकी पेंडीला हात लावायची सोय नव्हती. म्हणून शेळीवाल्यांच्या सोसायटीनं माशीच्या अळ्या वाळवून केलेला भरडा वाटायला काढला.

"अळ्या? आरं, शेळी हाय का कोंबडी?" भिवराबाईनं नाक मुरडलं.

सोसायटीचा डॉक्टर सुग्रीव हसला. "मावशी, शेळीच्या पोटात डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती आसती. चारा तेच पचवत्यात. त्यान्ला कडब्याची सवय हाय. ह्यो भरडा कडब्यात मूठ मूठ मिसळून वाढवा. एकदम घातला, तर वस्ती मोडती अन् पोट बंद पडतंय."

म्हातारीनं तसंच केलं. मैनेच्या अंगावर तकाकी आली.

संक्रांतीला उत्तरेश्वरचा फोन आला. "माय, मुकादमानं सुट्टी दिली. मैनेला उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं घिऊन येतो." म्हातारी अशी हरखली, की विचारू नका! तिळाच्या पोळ्या लाटल्या. त्या घरात सणाचं पहिलं पान दावणीला जायचं, सासूपासूनची रीत. कडबा सकाळीच सरला होता, पण लेक वाढं आणणारच होता. सणाला मैनेचं पान रितं कसं ठेवायचं? उरलेला सगळा भरडा तिनं पाटीत ओतला. "खा गं बये, आज आपलं घर भरनार हाय."

दुपार कलली आणि पुन्हा फोन आला. मुकादम सुट्टीच्या शब्दावरनं फिरला होता. उत्तरेश्वर येणार नव्हता.

भिवराबाई डोळे पुसत दावणीशी गेली, तर मैना मान टाकून उभी. रवंथ बंद, पोट टम्म. ही गेली तर बोलायचं कुणाशी?

सुग्रीव आष्टीकडं गेलेला. फोनवरच तो ओरडला, "रवंथ करणाऱ्या धडधाकट शेळीच्या तोंडातला घास काढा, कोमट पाण्यात कालवून हळूहळू पाजा! त्यातनं चांगले जंतू पोटात जातील. अन् आता नुसता कडबाच द्या."

आळीत दुसरी शेळी एकच होती. छबुबाईची.

म्हातारी दारात जाऊन उभी राहिली. "छबू, माजी मैना मरतीय गं."

छबुबाई हातातलं काम टाकून उठली. आपल्या शेळीच्या गालफडात बोट घालून हिरवा घास काढला. दोघींनी मिळून मैनेला पाजला, तिचं पोट चोळलं. दिवेलागणीला मैनेनं मोठी ढेकर दिली आणि हळूच जबडा हलवला. भिवराबाईला रडूच फुटलं.

"कडबा हाय का बाई तुमच्याकडं?"

"न्हाई."

"मंग ऱ्हाऊ द्या हिला हितंच, माज्या शेळीसंगं खाईल." छबुबाईनं मैनेचं दावं हातात घेतलं. "अन् तुमी बी ऱ्हावा की. एकट्या काय करता तितं?"

हेच ऐकायला भिवराबाईचे कान आसुसले होते. पण मेलं तोंड! "मला काय झालंय? माजं घर हाय की," म्हणाली आणि चालू लागली.

घरात पोळ्या तशाच झाकलेल्या. "भवाने, व्हय म्हनायला काय झालतं तुला?" ती स्वतःवरच खेकसली. उत्तर द्यायला आता मैनाही नव्हती.

समोर छबुबाई मैनेला लाडानं शिव्या देत होती. भिवराबाई उंबऱ्यावर बसून त्या ऐकत राहिली. आता हाक आली तर जायचं, असं तिनं ठरवलं होतं. मग समोरचं दार लागलं.