काळ्या चेंडूवरचा निळा ठिपका

मित्रांनो, पूलच्या टेबलावरचा मी एक जुना पांढरा चेंडू. पांढरा आपला म्हणायचा. रंग कधीच पिवळट पडला आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. जन्मभर दुसऱ्यांना ढकलले, स्वतःविषयी बोलायची सवय नाही.

साच्यातून निघालो आणि खोक्यात बसून सोलापूरच्या या क्लबात आलो. खेळाडू मला काठीने मारतो, मी रंगीत चेंडूला धडकतो, तो कोपऱ्यातल्या जाळीत पडतो. टाळ्या मात्र खेळाडूला मिळतात. चुकले की सगळे माझ्याकडे बघतात.

चेंडू पुसणे, मांडणे आणि नव्यांना शिकवणे हे गुरुसिद्धप्पांचे काम. मंद्रूपहून एसटीने येणारी रेश्मा त्यांची लाडकी. काळ्या चेंडूवर, जाळीच्या बरोबर उलट बाजूला, ते खडूने निळा ठिपका काढत.

"हितं धक्का बसला की काळा सरळ जाळीत."

रेश्मा ठिपक्यावरच नेम धरी आणि काळा कडेला आपटे.

"ठिपका खातीस का काय गं? पांढऱ्याचं पोट ठिपक्याला लागत न्हाय, कूस लागते. ठिपक्याच्या मागं अर्धा चेंडू जागा सोड, तितं ह्याचं पोट आण."

"तितं तर काहीच न्हाय की, मामा!"

"मग? न्हाय त्याच्यावरच नेम धराय शिकायचं."

चार महिन्यांत ती शिकली. त्या रिकाम्या जागी ती मला इतके अचूक पाठवी, की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

मग पुण्याच्या स्पर्धेसाठी क्लबातून एकाची निवड ठरली. रेश्मा की क्लबातलाच शिवराज, हे दोघांच्या सामन्यावर ठरणार होते. सामन्याच्या सकाळीही सराव झाला. पाहुण्यांच्या चहापाण्यात गुरुसिद्धप्पा काळा पुसायचे विसरले. काळ्यावरचे निळे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

शेवटी फक्त काळा उरला; तो जाळीत घालेल तो जिंकणार. रेश्माने श्वास रोखून मला मारले. मी ठरल्या जागी पोहोचलो. पण तो खडू नेमका आमच्या दोघांच्या मध्ये सापडला. गुळगुळीत अंगे निसटायची, ती क्षणभर चिकटली. काळा जरासा वाकडा गेला आणि जाळीच्या तोंडाशी थांबला. शिवराजने तो सहज आत ढकलला.

"पुण्याला निघालतीस व्हय? एसटी चुकली की!" तो हसला.

गुरुसिद्धप्पा चेंडू गोळा करायला आले. माझ्या कुशीला लागलेला निळा डाग त्यांनी पाहिला. काळ्यावरचा फिसकटलेला ठिपकाही पाहिला. क्लबाचे मालक समोरच उभे होते. गुरुसिद्धप्पांनी खिशातले फडके काढले आणि आम्हा दोघांना पुसून टाकले.

"मामा, तुमी सांगितल्यावाणीच नेम धरला व्हता," रेश्मा म्हणाली. "कुटं चुकलं?"

ते खाली बघत म्हणाले, "हात हलला तुझा, पोरी."

तिने काठी भिंतीला टेकवली आणि निघून गेली. वर्ष झाले, ती आलेली नाही. गुरुसिद्धप्पा आता आम्हाला दिवसातून चार वेळा पुसतात. त्याचा मला रागच येतो.

मित्रांनो, खेळाआधी आम्हाला पुसत जा. राहिलेच, तर चार माणसांत तसे कबूल करा. लाज थोडा वेळ वाटते. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कोणाला रेश्मा भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या: तुझा हात हलला नव्हता.