चुंबळीला कळलेलं ओझं

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. ओझं डोक्याला रुतू नये म्हणून खाली ठेवतात ना, ते कापडाचं कडं. दुर्गेश्वरीनं आपलं विरलेलं लुगडं पिळून, वळून मला घडवलं. नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात ती पायी फिरणाऱ्या पाहुण्यांचं सामान वाहते. निघताना मला वाघदेवाच्या दगडाला टेकवते, मगच डोक्यावर घेते.

पूर्वी माझं कौतुक व्हायचं. एका आजीबाईंनी मला हातात घेऊन न्याहाळलं होतं आणि दुर्गेश्वरीच्या हातावर टिप ठेवून तिलाच नमस्कार केला होता. आता माझ्याकडे कोण बघतं? फोटो काढताना म्हणतात, "बाई, जरा बाजूला हो."

पण आज मी गप्प बसणार नाही.

परवा विक्कीसाहेब नावाचे पाहुणे आले होते. सोबत गाईड खेमराज. वाटेत झऱ्यापाशी दुर्गेश्वरीनं बॅग उतरवली, मला खडकावर ठेवलं आणि ती पाणी भरायला खाली गेली. तिथं गवतात चितळाचं गळून पडलेलं शिंग होतं. साहेबांनी ते टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेत कोंबलं.

"साहेब, ठेवा ते. जंगलातून पानबी नेता येत नाही," खेमराज म्हणाला.

"अरे यार, हॉलमध्ये लावायचंय!" साहेबांनी त्याच्या खिशात नोट सरकवली. "टिप समज."

खेमराजनं नोट खिशातच राहू दिली. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडले असते.

दुर्गेश्वरीनं पुन्हा बॅग उचलली. ओझं एका अंगाला कलत होतं. तिनं मला थोडं सरकवलं आणि चालू लागली. पाहुण्याच्या बॅगेची चेन उघडायची नाही, ही या बायांची रीत. तिनं ती पाळली, आणि तीच तिच्या अंगाशी आली.

गेटवर तपासणी झाली. बॅग तिच्या डोक्यावरून उतरली आणि टॉवेलातून शिंग निघालं.

"हे कोणाचं?" वनरक्षकानं विचारलं.

"बॅग तर बाईकडेच होती," साहेब म्हणाले. मग तिच्या कानाशी येऊन हळूच बोलले, "सापडलं म्हणून घेतलं, असं सांग. हे घे, मोठी टिप."

चोरी नावावर लागली की तिला जंगलाचं दार कायमचं बंद. तिचा सोमवारचा उपास होता. तोंड सुकलेलं, पण आवाज खणखणीत.

"तुमचं सामान उचललं, साहेब. तुमचा गुन्हा कायले उचलू?"

"ओ बाई, नाटक नको!"

"नाटक कोण करून राहिलं, ते देव पाहून राहिला." ती वळली. "खेमराजभाऊ, तू काऊन मुका झाला?"

खेमराजचा चेहरा उतरला. त्यानं खिशातली नोट काढून वनरक्षकासमोर धरली. "शिंग यांनीच बॅगेत टाकलं. ही मले गप्प ठेवाले दिली."

साहेबांना दंड झाला. पावती फाटली, गाडी धुरळा उडवत निघून गेली. खेमराजलाही पंधरवडाभर घरी बसवलं. आणि दुर्गेश्वरीला? दिवसभर इमानानं ओझं वाहिलं, त्याची टिप कोणी दिलीच नाही. चोर नाही हे सिद्ध झालं, एवढंच तिच्या पदरात पडलं. हा कुठला न्याय? मी कापडाची आहे, तरी अजून धगधगते आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जंगलात जाल. वाघ दिसो वा न दिसो, गाईडला आणि सामान वाहणाऱ्यांना टिप जरूर द्या. ओझं खाली उतरल्यावर द्या, उघड्यावर, त्यांच्या डोळ्यांत बघून द्या. लपवून द्यावीशी वाटली, तर तो हात तसाच मागे घ्या. कारण तुम्ही गाडीत बसून निघून जाता. ओझं मात्र खाली उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावरच राहतं.